रत्नागिरीहून मोजताना

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या धावपट्टीला जगभरच्या विमानतळांच्या यादीत स्वतःची तीन अक्षरं आहेत : आरटीसी. मुंबईची बीओएम. ही दोन नावं अंतर काढणाऱ्या कुठल्याही कोष्टकात शेजारी शेजारी घातली की उत्तर मिळतं, सुमारे २३५ किलोमीटर. आणि त्याखाली उड्डाणाचा वेळ, अर्धा ते पाऊण तास. अंतर बरोबर आहे. हिशेबाने वेळही बरोबर आहे. त्या वेळात मुंबईला पोचवणारं विमान तेवढं नाही. हे लिहीत असताना ती धावपट्टी तटरक्षक दलाच्या कामाची आहे, नागरी टर्मिनलचं काम अलीकडच्या वर्षांत हाती घेतलेलं आहे, आणि तिकीट काढून बसता येईल असं रोजचं विमान तिथून सुटत नाही. रत्नागिरीकर मुंबईला जातो तो रेल्वेने, नाहीतर हातखंब्याच्या तिठ्यावरून महामार्गाने. दुबईला, कुवेतला किंवा लंडनला जाणाराही आधी हीच वाट धरतो.

या पुस्तिकेत विमानतळांच्या जोड्या, त्यांच्यातलं अंतर आणि लागणारा वेळ यांची कोष्टकं आहेत. अशी कोष्टकं आता कुणालाही चुटकीसरशी मिळतात, मग ती छापायची कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. ज्या तरुणांनी ही तयार केली त्यांनी मला हस्तलिखित दाखवलं तेव्हा मलाही तो पडला होता. उत्तर चौथ्या रकान्यात सापडलं. पहिल्या रकान्यात विमानतळ, दुसऱ्यात अंतर, तिसऱ्यात विमान कंपनी सांगते तो वेळ, आणि चौथ्यात रत्नागिरीतल्या घराच्या उंबऱ्यापासूनचा वेळ. या चौथ्या रकान्यामुळेच मी प्रस्तावना लिहायला आनंदाने तयार झालो. विमानतळाच्या दारातून पुढचं सगळं जग मोजून झालेलं आहे. त्या दारापर्यंत पोचायला कोकणातल्या माणसाला काय पडतं, ते मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

आधी दुसरा रकाना समजून घेऊ. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा छापतात तो पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून काढलेल्या सर्वांत आखूड रेषेचा असतो. तो मोजायचं माप आहे सागरी मैल, १,८५२ मीटरचा. आपल्याकडे घरटी नाही तरी वाडीगणिक कुणीतरी बोटीवर असतोच, त्याला हे माप नवीन नाही. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, एवढं धरलं की रत्नागिरी ते मुंबई हा हिशेब कागदाच्या कपट्यावर होतो. मिरजोळ्याचा विमानतळ १७ अंश १ मिनिटावर, मुंबईचा १९ अंश ५ मिनिटांवर. फरक दोन अंश चार मिनिटांचा, म्हणजे १२४ मिनिटं, म्हणजे १२४ सागरी मैल. मुंबई आपल्यापेक्षा जराशी पश्चिमेला सरकलेली आहे, ते तिरकेपण धरून झाले १२७. त्याचेच २३५ किलोमीटर. वैमानिकाच्या संगणकातही याहून वेगळं काही चालत नाही, तिथे दशांश जास्त असतात इतकंच.

अंतर लांबलं की मात्र ही रेषा डोळ्यांना फसवते. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टी लावून जोडलं तर वाट अरबी समुद्र, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक अशी जाते. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घेऊन त्याच दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो. रशिया, स्कॅन्डिनेव्हिया, आइसलंडच्या आसपासचा समुद्र, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा कॅनडावरून खाली उतरतो. ही लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि कोष्टकातला आकडा हाच. प्रत्यक्ष विमान या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. कुठल्या देशाचं आकाश बंद आहे, कुठे युद्ध चालू आहे, वारा कुठून आहे, यावर वाट रोज ठरते. २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे तास वाढले. छापलेलं अंतर तेवढंच राहिलं.

जवळच्या वाटेचं एक उदाहरण आपल्या डोक्यावरचंच आहे. मुंबई विमानतळापासून गोव्याच्या दाभोळी विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली तर ती सुमारे ४२५ किलोमीटरची होते आणि रत्नागिरी तालुक्यावरूनच जाते, मिरजोळ्याच्या थोडी पूर्वेकडून. गोव्याच्याच मोपा विमानतळाची रेषाही फार लांबून जात नाही. म्हणजे मुंबई आणि गोवा ही दोन्ही टोकं हवेने जोडलेली आणि मधला जिल्हा रेषेखाली. ही तक्रार मी नकाशाकडे करत नाही, पण ज्यांच्या हातात ठरवणं आहे त्यांनी ही रेषा एकदा ओढून पाहावी असं मला मनापासून वाटतं.

आता तिसरा रकाना. तिकिटावर छापलेला वेळ म्हणजे हवेतला वेळ नव्हे. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पोचलेल्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की थांबतं. मध्ये धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांगेत उभं राहणं, चढणं, उतरणं आणि गर्दी असली तर वर घिरट्या घालणं, हे सगळं येतं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. इतक्या मोठ्या विमानतळाची सगळी विमानं एका वेळी एकाच पट्टीवरून चढतात-उतरतात. विमान कंपन्या हा खोळंबा आधीच वेळापत्रकात धरून ठेवतात.

म्हणूनच अंतर आणि वेळ यांचं प्रमाण सरळ बसत नाही. मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, छापील वेळ सव्वादोन तासांच्या आसपास. मुंबई–गोवा त्याच्या निम्म्याहूनही कमी, पण वेळ सव्वा तास किंवा थोडा जास्त. अंतर जितकं आखूड तितका जमिनीवरचा आणि चढ-उताराचा वाटा मोठा. मोठं जेट विमान उंचीवर ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने जातं, पण २३५ किलोमीटरांत त्याला तो वेग धरायला जागाच मिळत नाही. चढून झालं की उतरायची वेळ. अशा वाटेवर पंख्याचं एटीआर विमान शोभतं. ते ताशी पाचशेच्या आसपास चालतं, आणि एवढ्या अंतराला जेटपेक्षा फार मागे पडत नाही. मिरजोळ्याहून मुंबईला कधी एटीआर सुरू झालं तर हवेत अर्धा तास, आणि वेळापत्रकात छापलेला वेळ जवळपास तासाभराचा, असा माझा अंदाज आहे.

वाऱ्याचं थोडं. आपल्या उत्तरेकडे बऱ्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात विशेष. लंडनला जाताना विमान त्यांच्या तोंडावर जातं, येताना पाठीवर घेतं. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. जायला साडेनऊ-दहा तास आणि यायला त्याहून तासभर कमी लागले तर दोन्ही आकडे खरेच आहेत. या पुस्तिकेत जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दिलेला आहे तो यासाठी.

घड्याळाच्या फरकाने मात्र अगदी हुशार माणसंही गोंधळतात. आमच्या शेजारच्या काकू मुलीच्या बाळंतपणासाठी दुबईला निघाल्या तेव्हा तिकिटाचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. कागदावर सुटण्याची वेळ पहाटे चार आणि पोचण्याची पावणेसहा. “पावणेदोन तासांत दुबई? आणि जावई म्हणतायत सव्वातीन तास लागतात. चुकीचं तिकीट तर नाही ना काढलंन?” त्यांनी विचारलं. मी कागदाच्या मागे लिहून दाखवलं : आपले चार, अधिक सव्वातीन तास, म्हणजे आपले सव्वासात, दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून तिथे पावणेसहा. मग त्यांनी परतीचा कागद काढला. रात्री दहाला सुटून अडीचला मुंबई. “आणि हे साडेचार तास? येताना लांबून आणतात की काय?” परतीचं विमान तीन तासांचंच होतं, वरचा दीड तास घड्याळाचा. काकूंनी दोन्ही कागदांवर पेन्सिलीने आपली वेळ लिहून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. या कोष्टकांत प्रत्येक परदेशी विमानतळापुढे दोन्ही घड्याळांच्या वेळा दिल्या आहेत. परदेशी निघालेल्या मुलांच्या आयांना, सासवांना याचा किती उपयोग होईल ते मला वेगळं सांगायला नको.

दुबईचा विषय निघालाच आहे तर या पुस्तिकेतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा इथेच सांगतो. मुंबई ते दुबई सरळ अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. रत्नागिरी ते दुबई सुमारे २,०७०. फरक जेमतेम दीडशे किलोमीटरांचा, जेट विमानाच्या दहा-बारा मिनिटांचा. पण रत्नागिरीच्या माणसाला हा फरक तेवढ्यात ओलांडता येत नाही. तो आधी रस्त्याने सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला जातो, आणि मग विमानात बसून समुद्र ओलांडतो.

पहाटे चारच्या त्याच विमानाचा हिशेब घ्या. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री एक. रस्त्याला आठ-नऊ तास, वाटेत जेवण, पनवेलच्या पुढची गर्दी, आणि कुठे ट्रक आडवा झाला तर हाताशी असावा म्हणून वेळ. दुपारी दोनला घर सोडलेलं बरं. दुपारी दोन ते आपल्या घड्याळातले सकाळचे सव्वासात, म्हणजे सव्वासतरा तास. त्यातले विमानात सव्वातीन, पाचवा हिस्साही नाही. आणि हा हिशेब उन्हाळ्यातला. गणपतीच्या दिवसांत किंवा ऐन पावसात कित्येक जण आदल्याच दिवशी निघून मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम टाकतात. त्यांचा चौथा रकाना तीस तासांच्या पुढे जातो. रत्नागिरी, राजापूर, संगमेश्वर, चिपळूण, दापोली इथल्या किती घरांतली माणसं आखातात कामाला आहेत ते गावोगावच्या घरांकडे पाहून कळतं. दोन वर्षांनी महिन्याची सुट्टी मिळालेल्या माणसाचे जाण्या-येण्यात असे दोन-तीन दिवस जातात. कुणाच्या मयताची खबर आली आणि पोचायचं असेल तर हेच तास जिवावर येतात.

कोकण लांब राहिलं ते भूगोलामुळे, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. सह्याद्री आहे, खाड्या आहेत, मान्य. पण समुद्राकडून पाहिलं तर रत्नागिरी कधीच आडबाजूला नव्हती. १८८६ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं ते मद्रासहून जहाजाने. जमिनीवरून इथे पोचणं अवघड आणि समुद्रावर आपला ताबा, अशी जागा त्यांना हवी होती. त्याच्या मंडालेपासून रत्नागिरी सरळ रेषेत सुमारे २,४५० किलोमीटर. दुबईपेक्षा थोडीच लांब, विरुद्ध दिशेला.

पुढची जवळजवळ शंभर वर्षं मुंबई आणि कोकण यांना आगबोटींनी जोडलं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असं बंदरामागून बंदर घेत बोट जायची. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव, होड्या माणसं नेत-आणत. पावसाळा लागला की बोटी बंद. म्हणजे मुंबईचं अंतर तेव्हाही ऋतूप्रमाणे बदलत होतं. मग एसटी आली, रातराणीने घाट उतरत-चढत माणसं परळला आणि मुंबई सेंट्रलला जाऊ लागली. बोटी गेल्या. रस्ता जो राहिला त्याच्या चौपदरीकरणाची वाट दशकाहून जास्त काळ पाहणं चालू आहे.

रेल्वेने मात्र खरा फरक केला. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. दोन दरडींच्या मधून गाडी बाहेर येते आणि खाली एकदम दरी उघडते. जून २०२३ पासून वंदे भारतही धावू लागली आणि मुंबई ते रत्नागिरी साडेपाच तासांच्या घरात आली. तरी पाऊस सुरू झाला की कोकण रेल्वेचं वेगळं पावसाळी वेळापत्रक लागतं. दरडींच्या भीतीने वेग कमी केले जातात, आणि वंदे भारतही धीमी होते. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात गाड्याच अडकून पडल्या होत्या. म्हणून चौथ्या रकान्यात उन्हाळा-हिवाळ्याचा वेळ आणि पावसाळ्याचा वेळ असे दोन आकडे आहेत. ही कल्पना साधी आहे, पण कोकणासाठीच्या कुठल्याही प्रवास-कोष्टकात ती असायलाच हवी.

मुंबई सोडून जवळचे विमानतळ कोणते, असं बाहेरगावचे लोक विचारतात. दक्षिणेला चिपी, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ. ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरू झाला तेव्हा आपल्याकडेही आनंद झाला होता. सरळ रेषेत तो ११५ किलोमीटरांच्या आत आहे, रस्त्याने पावणेदोनशेच्या आसपास. त्याच्या पुढे मोपा; ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ, बांदा असा रस्ता दोनशे किलोमीटरांच्या वर, पण मुंबईकडच्या रस्त्यापेक्षा बरा. आणि विमानांची संख्याही चांगली. घाटावर कोल्हापूरचं उजळाईवाडी. सरळ रेषेत ११० किलोमीटर, साखरप्यावरून आंबा घाट चढून गेलं की साडेतीन तासांत पोचता येतं. हैदराबाद-बंगळूरकडे जाणाऱ्याने कोल्हापूर आधी पाहावं, दिल्लीकडे जाणाऱ्याने मोपा. आखाताकडे जाणाऱ्याने मोपा आणि मुंबई दोन्हींचे चारही रकाने शेजारी ठेवून मगच तिकीट काढावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचाही विचार आता करायला हवा. तो पनवेलजवळ आहे, म्हणजे कोकणातून येणाऱ्याला मुंबई शहराची गर्दी ओलांडावी लागत नाही. मला वाटतं, आपल्या लोकांना त्याचा फायदा मुंबईकरांपेक्षा जास्त होईल.

आता मिरजोळ्याविषयी माझं मत. विमानसेवेची मागणी आपण सगळेच करतो, पण कुणासाठी, हे ठरवून केली पाहिजे. सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांसाठी असेल तर हिशेब असा पडतो : घरातून मिरजोळे वीस मिनिटं, तिथे तासभर आधी हजर, विमानाचा एक तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, मुंबईत जायचं तिथे पोचायला एक तास. झाले चार तास. रेल्वेने साडेपाच, वर कुवारबावच्या स्टेशनपर्यंत जाणं आणि दादरहून पुढे जाणं. वाचतात दोन-अडीच तास. वाईट नाही, पण तेवढ्यासाठी किती जण कंपनीला परवडणारं भाडं देतील याची मला शंका आहे.

आखाताला जाणाऱ्याचं गणित निराळं आहे. त्याला मुंबई शहरात जायचंच नसतं. त्याला विमानतळच हवा असतो. रात्री मुंबईहून आखाताकडे सुटणाऱ्या विमानांना जुळेल असं संध्याकाळचं विमान मिरजोळ्याहून सुटलं तर तो दुपारी दोनऐवजी संध्याकाळी घर सोडेल, सामान इथेच देऊन टाकेल, आणि महामार्गावर काय होईल याची धास्ती सुटेल. परत येताना पहाटे उतरलेला माणूस सकाळच्या विमानाने न्याहारीला घरी. वेळापत्रक आखाती विमानांना बांधलेलं असेल तर ही सेवा टिकेल, नाहीतर अनुदान संपेपर्यंत चालेल आणि बंद पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘उडान’ योजनेत सुमारे पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची भाड्याची मर्यादा घातली गेली आणि विमान कंपन्यांना तीन वर्षं आधार दिला गेला. २०१७ पासून देशात अनेक छोटे विमानतळ या योजनेमुळे जागे झाले. तीन वर्षांनंतर विमान भरतं ते माणसांना खरंच वेळ वाचत असेल तर.

हापूसचाही इथे उल्लेख करायला हवा, कारण आंब्याचं आयुष्य दिवसांत मोजलं जातं. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर, आणि ती सोय होती नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला. रत्नागिरीच्या झाडावरचा आंबा आधी घाट चढून लासलगावला, तिथून मुंबईला, आणि मग साडेबारा हजार किलोमीटर उडून न्यूयॉर्कला. हवेतला प्रवास तासांत व्हायचा, जमिनीवरचा दिवसांत. पुढे वाशीला सोय झाली तेव्हा बागायतदारांचा जो जीव भांड्यात पडला तो अंतरामुळेच.

तिसऱ्या रकान्यातला वेळ प्रवाशाच्या हक्काशीही जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे, आगाऊ न कळवता विमान रद्द केलं तर भरपाई छापील वेळेवरून ठरते : तासाभराच्या आतल्या उड्डाणाला ५,००० रुपयांपर्यंत, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० पर्यंत, दोन तासांहून जास्तीला १०,००० पर्यंत, मूळ भाडं अधिक इंधन आकार याहून कमी असेल तर तेवढे. हवामानासारख्या कंपनीच्या हातात नसलेल्या कारणांना ही भरपाई लागू नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात तर भरपाई अंतरावरच बांधलेली आहे : १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, लांबच्या प्रवासाला ६०० पर्यंत, आणि ते अंतर आपण वर दोऱ्याने मोजलं तेच. मुलगा-सून जर्मनीत आहेत आणि आईवडील ये-जा करतात अशा घरांनी हे पान खुणेसाठी दुमडून ठेवावं.

शेवटी वापरण्याविषयी थोडं. विमान कंपन्या वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याच सुमाराला युरोप-अमेरिकेतली घड्याळंही पुढे-मागे होतात, त्यामुळे आपल्या आणि लंडनच्या वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच असतो. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाच्या तारखाही दरवर्षी पाहाव्या लागतात. तेव्हा दुसरा रकाना शाईचा समजा, तिसरा आणि चौथा पेन्सिलीचा. चौथ्या रकान्यातले आकडे रत्नागिरी शहरातून धरलेले आहेत. पावस, जयगड, देवरुख किंवा गुहागरहून निघणाऱ्याने आपल्या दारापासून हातखंब्यापर्यंतचा किंवा जवळच्या स्टेशनापर्यंतचा वेळ त्यात मिळवावा, आणि प्रवास करून आल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ, महिना आणि पाऊस होता की नव्हता, एवढं शेजारी लिहावं. संकलकांनी प्रत्येक पानावर त्यासाठी जागा सोडली आहे आणि पुढच्या आवृत्तीसाठी ते या नोंदी मागून घेणार आहेत.